बांधकामाची विद्या कोणाच्या हाती?

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास लिहिला जातो तो बहुधा शाळा, कॉलेजे आणि वसतिगृहे यांचा. म. जोतीराव फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा काढली तेथपासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईस सिद्धार्थ आणि औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभे केले तेथपर्यंतचा हा इतिहास आपण अभिमानाने सांगतो, आणि तो सांगायलाच हवा. परंतु एका विद्येचा इतिहास आपण अजून आपल्या बाजूने वाचलेला नाही. ती विद्या म्हणजे बांधकामाची. घर, पूल, धरण, पाण्याची टाकी, शाळेची इमारत ही कशाच्या बळावर उभी राहतात, वारा, पाणी, भूकंप यांत ती का टिकतात किंवा का कोसळतात, याचा हिशेब करणाऱ्या शास्त्राला आज संरचना अभियांत्रिकी असे नाव आहे. बोलण्यात आपण स्ट्रक्चरल इंजिनियर म्हणतो तो या शास्त्राचा माणूस.

मी इतिहासाचा अध्यापक आहे, अभियंता नाही. तरीही या विषयाकडे मी वळलो याचे कारण सरळ आहे. या देशात दगड फोडणारे, माती वाहणारे, वीट रचणारे हात बहुसंख्येने दलितांचे, भटक्या-विमुक्तांचे आणि आदिवासींचे आहेत. त्या दगडविटांचा हिशेब शिकवणाऱ्या संस्था मात्र दीर्घकाळ दुसऱ्यांच्या ताब्यात राहिल्या. विद्या आणि श्रम यांची ही फारकत वर्णव्यवस्थेने घडवली, इंग्रजी राजवटीने तिला खात्याचे आणि पदवीचे रूप दिले, आणि स्वातंत्र्यानंतर ती मोडण्याचे काम अर्धवट राहिले, असे माझे म्हणणे आहे. या फारकतीची किंमत केवळ नोकऱ्यांत मोजून भागणार नाही. ती माणसांच्या प्राणांत मोजावी लागते.

१

इंग्रज येण्यापूर्वी बांधकामाची विद्या जातीत कोंडलेली होती. पाथरवट, बेलदार, वडार, गवंडी, सुतार, लोहार यांच्याकडे ती बापाकडून मुलाकडे जात असे. ती हाताला येई, कागदावर उतरत नसे. कोणता दगड भार घेईल, चुन्याचा घाणा किती फिरवायचा, पाया कोठवर खणायचा हे त्यांना कळत होते. परंतु लिहिण्याचा अधिकारच नसल्यामुळे या ज्ञानाची तपासणी, दुरुस्ती आणि वाढ होण्याची वाट बंद होती. एका पाथरवटाला जे कळले ते दुसऱ्या मुलखातल्या पाथरवटापर्यंत पोचण्याचा मार्ग नव्हता. ज्याला आपण शास्त्र म्हणतो ते अशा देवाणघेवाणीतूनच वाढते.

महारांची स्थिती याहून वेगळी आणि अधिक उपरोधिक होती. बलुत्याच्या कामांत गावकुसाची आणि चावडीची डागडुजी महारांकडे असे. म्हणजे जी भिंत आपल्याला गावाबाहेर ठेवते तीच भिंत आपण लिंपायची! वर्णव्यवस्थेचे याहून नेमके चित्र मला सापडलेले नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कंपनी सरकारला कालवे, रस्ते आणि रेल्वे यांसाठी माणसे हवी झाली. गंगेच्या कालव्याच्या कामातून १८४७ मध्ये रुरकीचे इंजिनियरिंग कॉलेज निघाले. पुण्यात १८५४ मध्ये इंजिनियरिंगचा वर्ग व यंत्रशाळा सुरू झाली. पुढे तिचेच पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. कलकत्त्याचे कॉलेज १८५६ चे. मद्रासजवळच्या गिंडीच्या कॉलेजाचे मूळ तर १७९४ च्या सर्वेक्षण शाळेत आहे. या संस्थांचा पहिला हेतू ज्ञानप्रसाराचा नव्हता. सार्वजनिक बांधकाम खात्याला दुय्यम नोकर पुरवणे हा होता.

रुरकीची घडण पाहण्यासारखी आहे. तेथे सुरुवातीपासून तीन पायऱ्या होत्या. वर इंजिनियर होणाऱ्यांचा वर्ग, मध्ये ओव्हरसियर होणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा वर्ग, आणि खाली मोजणी, लेव्हल व नकाशे शिकणाऱ्या देशी मुलांचा वर्ग. या खालच्या वर्गाला देशी भाषेतून शिकवले जाई. म्हणजे देशी भाषेत शिकणाऱ्याने मोजायचे, इंग्रजीत शिकणाऱ्याने ठरवायचे! वरच्या जागा पुरेशा गोऱ्या राहाव्यात म्हणून १८७१ मध्ये इंग्लंडात कूपर्स हिल येथे खास हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी कॉलेज उघडले. ते १९०६ पर्यंत चालले. त्याचा खर्च हिंदुस्थानच्या रयतेच्या करातून निघत होता हे सांगायला नकोच.

साहेबाच्या खालच्या जागा कोणी पटकावल्या? १९१३ मध्ये नोकऱ्यांविषयीच्या रॉयल कमिशनपुढे मद्रास सरकारचे अधिकारी अलेक्झांडर कार्ड्यू यांनी आकडे मांडले. त्या इलाख्यात वीस वर्षांत स्पर्धा परीक्षेतून निवडलेल्या २१ असिस्टंट इंजिनियरांपैकी १७ ब्राह्मण आणि ४ ब्राह्मणेतर होते. ब्राह्मणांची संख्या त्या इलाख्यात शेकडा तीनच्या आसपास होती. ज्या जातींनी पिढ्यान् पिढ्या दगडाला हात लावला नव्हता त्यांची मुले पुस्तकाच्या आणि परीक्षेच्या वाटेने दगडाची मालक झाली. ज्यांनी दगडाशिवाय काही पाहिले नव्हते ती मुले त्या परीक्षेपर्यंत पोचलीच नाहीत.

हे जोतीरावांनी फार आधी ओळखले होते. जोतीराव स्वतः सरकारी बांधकामांची कंत्राटे घेत. खडी, चुना, मजुरी, मोजमाप आणि बिले यांचा त्यांना रोजचा अनुभव होता. त्यामुळे १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी इंजिनियर खात्यातील ब्राह्मण कामगारांच्या लबाडीवर पवाडा घातला, ही गोष्ट योगायोगाची नाही. मजुराला अक्षर येत नाही म्हणून त्याची हजेरी खोटी लिहिता येते, हे त्यांनी कामाच्या जागेवर उभे राहून पाहिले होते. अविद्येने किती अनर्थ केले हे सांगणारा हा माणूस खात्याच्या हिशेबाची वही उलटून बोलत होता. आपल्या अभ्यासकांनी जोतीरावांचे हे कंत्राटदारपण चरित्रातील एका ओळीत उरकले आहे. ते अधिक गंभीरपणे घ्यायला हवे.

त्याच काळात बोर घाटातील रेल्वेचे काम चालू होते. १८६१ च्या सुरुवातीस त्या कामावर चाळीस हजारांहून अधिक माणसे राबत होती. पटकीने आणि तापाने त्यांतील किती मेली याची नोंद कोणी नीट ठेवली नाही. जे बोगदे आणि पूल आपण आजही कौतुकाने पाहतो त्यांवर अभियंत्यांची आणि कंत्राटदारांची नावे आहेत. वडारांचे, महारांचे, कोळ्यांचे एकही नाव नाही.

२

या इतिहासात एक नाव टाळून पुढे जाता येत नाही. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे पुण्याच्याच कॉलेजातून १८८३ मध्ये बाहेर पडले. खडकवासल्याच्या धरणावरील त्यांचे स्वयंचलित दरवाजे प्रसिद्ध आहेत. त्यांचा जन्मदिवस, १५ सप्टेंबर, देशभर अभियंता दिन म्हणून साजरा होतो. त्यांची बुद्धी आणि सचोटी यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु १९१८ च्या सुमारास म्हैसूर संस्थानात ब्राह्मणेतरांना नोकऱ्यांत वाटा द्यावा असा प्रश्न आला, मिलर समिती नेमली गेली, तेव्हा दिवाण विश्वेश्वरय्या त्या धोरणाशी सहमत झाले नाहीत आणि त्यांनी पद सोडले. गुणवत्ता आणि राखीव जागा यांचा जो वाद आपण आजही ऐकतो तो अभियंत्यांच्या जगात शंभर वर्षांपूर्वीच असा उभा राहिला होता. अभियंता दिनाच्या भाषणांतून हा भाग गाळला जातो.

याच्या नेमके विरुद्ध टोकाला बाबासाहेब उभे आहेत. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद होते. केंद्रीय बांधकाम खाते, वीज आणि पाटबंधारे यांचे प्रश्नही त्यांच्याकडे येत. १९४२ च्या ऑक्टोबरात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांविषयी सरकारला जे सविस्तर निवेदन दिले त्यात दोन मुद्दे आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहेत. विज्ञान आणि तंत्रविद्या यांचे उच्च शिक्षण गरीब अस्पृश्य विद्यार्थ्याला परवडणारे नाही, म्हणून त्यासाठी देशात आणि परदेशात शिष्यवृत्त्या द्याव्यात हा एक. केंद्रीय बांधकाम खात्याच्या कंत्राटांत अस्पृश्यांना स्थान नाही हा दुसरा. विद्या आणि व्यवसाय यांची दारे एकाच वेळी उघडली पाहिजेत, हे त्यांनी नेमके हेरले होते. या निवेदनानंतर सुरू झालेल्या शिष्यवृत्त्यांतूनच पुढची भारत सरकारची शिष्यवृत्ती योजना वाढली आणि तिने आपल्यातील हजारो घरांत पहिला पदवीधर घडवला.

तरीही आपली पहिली पिढी वळली ती कला, वाणिज्य आणि कायदा या शाखांकडे. याला कारणे होती. इंजिनियरिंगला गणित लागते, आणि गणिताचा पाया खेड्यातल्या शाळेत घालणारा मास्तर आपल्या वाट्याला क्वचितच आला. ड्रॉइंग बोर्ड, पेट्या, जाड पुस्तके आणि चार-पाच वर्षे कमाईविना काढणे हे मजुराच्या घराला झेपत नव्हते. १९५१ मध्ये खरगपूरची आणि १९५८ मध्ये मुंबईची आयआयटी निघाली. परंतु तेथे अनुसूचित जाती-जमातींसाठी राखीव जागा आल्या त्या १९७३ मध्ये. दोन दशके राष्ट्राच्या पैशावर चाललेल्या या संस्थांना आपण दिसलोच नव्हतो! पुढे १९८३ मध्ये महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि देणगी भरू शकणाऱ्यांसाठी नवी वाट तयार झाली. राखीव जागांमुळे गुणवत्ता बुडते म्हणून ओरडणाऱ्यांना पैशाने विकत घेतलेल्या जागा मात्र खुपल्या नाहीत.

३

आपल्यातले बरेच जण या क्षेत्रात आले ते मागच्या दाराने. आयटीआय, पॉलिटेक्निकची पदविका, मग बांधकाम किंवा पाटबंधारे खात्यात कनिष्ठ अभियंता. नोकरी करीत पुढे शिकण्यासाठी एकच सोय होती. १९२० मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये सनद मिळालेल्या इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्स या संस्थेची एएमआयई परीक्षा. तिला कॉलेजात बसावे लागत नसे. दिवसा साइटवर उभे राहायचे, रात्री कंदिलाशी किंवा बल्बशी बसून ताकदविज्ञान आणि आरसीसीची गणिते सोडवायची, एकेक विषय करीत दोन्ही विभाग पुरे करायचे. ही परीक्षा केंद्र सरकारच्या नोकरीसाठी पदवीसमान धरली जाई. माझ्या नात्यातील एक गृहस्थ आठ वर्षे असे शिकले. त्यांचे वडील त्याच खात्याच्या रस्त्यावर खडी फोडत होते. अशी उदाहरणे वाचकांपैकी अनेकांच्या घरांत असतील.

मग ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच ही समकक्षता राहील, असे सरकारने ठरवले. कारण दर्जाचे सांगितले गेले. दर्जाविषयीची काळजी खोटी होती असे मी म्हणत नाही. प्रयोगशाळेविना अभियंता घडवण्यात उणिवा असणारच. परंतु उणीव भरून काढायची की वाट बुजवायची, हा निवडीचा प्रश्न आहे. ज्याला पुन्हा कॉलेजात जाणे परवडत नाही त्याच्यासाठी साइटवरून पदवीकडे जाणारा हा जिना काढून घेतला गेला, आणि त्याबद्दल आपल्या चळवळीत मोर्चा तर सोडाच, साधी चर्चाही झाली नाही.

येथे शिक्षणाविषयीचा एक मूलभूत मुद्दा येतो. अभियंत्याचे शिक्षण पदवीपाशी संपत नाही. आरसीसीचे भारतीय मानक, आयएस ४५६, प्रथम १९५३ मध्ये आले. १९७८ च्या आवृत्तीत लिमिट स्टेट ही पद्धत आली आणि हिशेबाची जुनी रीत मागे पडू लागली. २००० मध्ये ते पुन्हा बदलले. १९७० मध्ये कॉलेजात शिकलेला अभियंता १९८० मध्ये जुन्याच ज्ञानावर चालला तर तो कालबाह्य होतो. त्यामुळे ज्याला सतत शिकण्याची सोय आहे तोच खरा अभियंता राहतो. ही सोय कोणाला मिळते? शिक्षकांसाठी १९७० मध्ये गुणवत्ता सुधार कार्यक्रम निघाला. महानगरांतील अभियंत्यांसाठी परिषदा आणि व्याख्याने असतात. तालुक्याच्या उपविभागातील कनिष्ठ अभियंत्याला मात्र जुने परिपत्रक आणि साहेबाचा फोन याखेरीज काही मिळत नाही. आणि गवंड्याला, सळई वाकवणाऱ्याला, सेंट्रिंगवाल्याला तर कोणी विद्यार्थी मानतच नाही.

४

याचा परिणाम काय होतो ते महाराष्ट्राने पाहिले आहे. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेचा भूकंप झाला. दख्खनचे पठार स्थिर आहे ही समजूत त्या पहाटे मोडली. धरणाला भेगा पडल्या. देशातील आणि परदेशातील तज्ज्ञ आले, अभ्यास झाला, धरणाच्या उंच भागांना मागून आधार देऊन ते बळकट केले गेले. भूकंपाविषयीचे आयएस १८९३ हे मानक १९६२ मध्येच निघाले होते. कोयनेनंतर देशाचा भूकंपनकाशा बदलला. रुरकीला १९६० पासून भूकंप अभियांत्रिकीची स्वतंत्र संस्था होती. म्हणजे शिकण्याचे काम झाले. परंतु ते धरणापाशी थांबले.

सव्वीस वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे मेली. तो प्रदेश त्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. माणसे भूकंपाने मेली असे आपण म्हणतो. खरे पाहता ती भिंतींनी मारली. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, मातीत रचलेल्या. आतला आणि बाहेरचा थर वेगळा, मध्ये दगडगोट्यांची भर, आणि दोन्ही थरांना एकत्र बांधणारा आरपार दगड नाही. वर मातीच्या धाब्याचे प्रचंड ओझे. हादरा बसताच दोन्ही थर फुटून अलग झाले आणि धाबे खाली आले. जेथे छत लाकडी खांबांच्या खणांवर तोललेले होते तेथे काही ठिकाणी भिंत पडूनही छत उभे राहिले. कुडाच्या आणि गवताच्या हलक्या खोपटांत राहणारी गरीब माणसे तुलनेने वाचली. दारिद्र्याने वाचवले असे म्हणण्याची ही पाळी!

भिंतीच्या आरपार ठराविक अंतरावर एक लांब दगड घालावा, कोपरे बांधून घ्यावेत, दारांच्या वरून चारही भिंतींना एक पट्टा फिरवावा, एवढ्या उपायांनी कितीतरी घरे तग धरू शकली असती. हे उपाय शास्त्राला ठाऊक होते. भूकंपरोधक बांधकामाचे आयएस ४३२६ हे मानक १९६७ पासून होते. ते इंग्रजीत होते आणि औशाच्या किंवा उमरग्याच्या गवंड्यापर्यंत ते पोचवणे हे कोणाचेच काम नव्हते. नंतर पुनर्वसनात ५२ गावे नव्याने वसवली गेली, गवंड्यांना आणि कनिष्ठ अभियंत्यांना शिकवले गेले. पण शिकवणी आली ती प्रेतांनंतर.

२६ जानेवारी २००१ चा भूजचा भूकंप याची दुसरी बाजू दाखवतो. तेथे केंद्रबिंदूपासून दोनशे किलोमीटरांहून दूर असलेल्या अहमदाबादेत नव्या बहुमजली आरसीसी इमारती कोसळल्या. त्यांना नकाशे होते, पदवीधर होते, परवानग्या होत्या. कॉलमच्या सळयांभोवतीच्या रिंगांची टोके १३५ अंशांत आत वळवून काँक्रीटमध्ये रुतवावीत, असे आयएस १३९२० या १९९३ च्या मानकात आहे. नव्वद अंशांत वाकवलेली रिंग हादऱ्यात उघडते आणि कॉलम फुटतो. ही रिंग वाकवतो तो सळईकामाचा मजूर. अभियंत्याने ते शिकलेले नसते, किंवा शिकून नकाशावर काढलेले नसते, किंवा काढूनही मजुराला त्याचे कारण सांगितलेले नसते. तीनही ठिकाणी साखळी तुटते. भूजनंतर २००३ मध्ये केंद्र सरकारने भूकंप अभियांत्रिकीच्या शिक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. आयआयटींनी कॉलेजांतील शिक्षकांना शिकवले. नोकरीतील अभियंत्यांसाठीही वर्ग निघाले. म्हणजे देशातील बहुसंख्य अभियंते पदवी घेऊनही ही विद्या शिकलेले नव्हते, याची ती सरकारी कबुलीच होती. ज्यांना गुणवत्तेच्या नावाने आपल्या मुलांकडे बोट दाखवण्याची सवय आहे त्यांनी हा इतिहास वाचावा.

५

या सर्वांतून मी जो निष्कर्ष काढतो तो असा. आपल्या समाजात ज्ञान वरून खाली उतरत नाही आणि खालून वर चढत नाही. गवंड्याला जे हाताने कळते ते अभियंता विचारत नाही, कारण खालच्याला विचारणे त्याच्या संस्कारात नाही. अभियंत्याला जे गणिताने कळते ते तो गवंड्याला सांगत नाही, कारण हुकूम देणे पुरेसे आहे असे त्याला वाटते. ही तांत्रिक अडचण नव्हे. जातिव्यवस्थेची हीच कार्यपद्धती आहे, आणि इमारत ती लपवू शकत नाही. भिंत पडते तेव्हा ती उघडी होते.

मग आपण काय करायचे? सरकारकडे मागण्या आहेतच. बांधकामाची मानके सोप्या मराठीत, चित्रांसह, प्रत्येक ग्रामपंचायतीत असावीत. नोकरी करीत पदवीपर्यंत जाण्याची एएमआयईसारखी वाट प्रयोगशाळेची जोड देऊन पुन्हा खुली व्हावी. बांधकाम मजुरांसाठी १९९६ च्या कायद्याने जो उपकर सुरू झाला त्यातून मजुराला केवळ भांडी आणि पेट्या न देता विद्या द्यावी. ज्या वडाराला कर्नाटकात भोवी म्हणून अनुसूचित जातीची आणि महाराष्ट्रात विमुक्त जातीची सवलत मिळते, त्याच्या मुलाला दगडाच्या शास्त्राचे शिक्षण दोन्हीकडे मिळावे.

परंतु काही मागण्या स्वतःकडेही कराव्या लागतील. आज आपल्यात अभियंते थोडे नाहीत. त्यांच्या संघटना आहेत. त्या बढतीच्या बिंदुनामावलीसाठी लढतात, आणि ती लढाई न्याय्य आहे. पण या संघटनांनी वस्तीत येऊन गवंड्यांचा रविवारचा वर्ग घेतला, पदविकेच्या मुलांना नवे मानक समजावून दिले, रमाई आवासाचे घर बांधणाऱ्या बाईला पट्टा कशाला हवा ते सांगितले, असे किती ठिकाणी घडते? आपण बाबासाहेबांचा ‘शिका’ हा आदेश पदवीच्या प्रमाणपत्रापाशी आणून थांबवला आहे. त्यांनी स्वतः तो कधीच तेथे थांबवला नव्हता. मंत्रिपदावर असतानाही ते रात्री वाचत होते.

जो अभियंता आपल्यातून आला आहे त्याच्याजवळ एक गोष्ट इतरांजवळ नाही. त्याच्या बापाचा किंवा आजाचा हात दगडाला लागलेला आहे, आणि त्याचे स्वतःचे डोके गणिताला. तुटलेल्या साखळीची दोन्ही टोके त्याच्याच घरात आहेत. ती जोडण्याचे काम तो करणार नसेल तर ते दुसरा कोणी करील अशी अपेक्षा मी तरी ठेवत नाही. आपल्या वस्त्यांत आता पत्र्याच्या जागी स्लॅब पडत आहेत. त्या स्लॅबखाली आपली मुले झोपणार आहेत. त्यांतील रिंगा कोण वाकवतो आणि कशा वाकवतो, हे पाहायला आपल्या अभियंत्यांनी यावे.